पाचव्या फ्रेटवरचा सा

"आधी गळ्यात घाला," नाथा म्हणाला. "नुसती हातात धरून ही कळत नाही."

मी पट्टा डोक्यावरून घेतला आणि डावा खांदा एकदम खाली गेला. बेस गिटार इतकी जड असेल असं लांबून बघताना कधी वाटलं नव्हतं. नाथाने पट्टा आवळून दिला, माझं उजवं बोट सगळ्यांत जाड तारेवर टेकवलं आणि म्हणाला, "ओढा."

मी ओढली. आवाज कानात आलाच नाही. आधी तो बरगड्यांत आला, मग पायाखालच्या फरशीत, आणि शेवटी खिडकीच्या सैल काचेत जाऊन थरथरला.

"अगं बाई," मी म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात. म्हणजे मी म्हणालो होतो. तिसऱ्या कुणी ही गळ्यात घातलेलीच नाही."

नाथा म्हणजे नथानेल आढाव. आमच्या मिशन कंपाउंडातल्या देवळात तो बेस वाजवायचा. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. नाथाला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघणार होता. मी दवाखान्यात नर्स होते, दोन मुलांची आई, रविवारी गायकांच्या मागच्या रांगेत उभी राहणारी. त्या संध्याकाळी सराव संपल्यावर गीतांची पुस्तकं कपाटात ठेवायला मी मागे थांबले होते. नाथा गिटार पिशवीत घालत होता, आणि तोंड पाडून घालत होता.

"हिचं आता काय होणार?" मी सहज विचारलं होतं.

"भोपळ्यांबरोबर जाणार," तो म्हणाला होता.

तो थट्टा करत नव्हता. आमच्याकडे कापणीच्या सणाला प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवतं. बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. त्या वर्षी पंचकमिटीने ठरवलं होतं की नाथा गेल्यावर गिटार धूळ खात पडण्यापेक्षा तीही लिलावात काढावी. ही सूचना भालेराव मास्तरांची होती. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, कमिटीतले सर्वांत जुने पंच. कमिटीपुढे ते म्हणाले होते, "पेटी ऐकू येते. ढोलकी ऐकू येते. ही गिटार मला इतक्या वर्षांत एकदाही ऐकू आलेली नाही. मग ठेवायची कशाला?"

"आणि पोरांपैकी कुणी शिकत नाही?" मी नाथाला विचारलं होतं.

"पोरांना पुढे उभं राहून झणझण वाजवायची गिटार पाहिजे. ही मागची कुणाला नको."

तेव्हाच त्याने ती माझ्या गळ्यात घातली. मी तार पुन्हा ओढली. काच पुन्हा थरथरली. मी मागच्या रांगेतली खालच्या आवाजाची बाई. शाळेत असल्यापासून मला सांगण्यात येत होतं की तू जरा हळू गा, तुझा आवाज घोगरा आहे. माझ्याहून खालचा आवाज मी पहिल्यांदाच हातात धरला होता.

"मला शिकव," मी म्हणाले.

"वहिनी, मी उद्या चाललो."

"मग आज शिकव."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवी बाजूला टाकली आणि माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून धरली. "हे पहिलं, हे दुसरं, तिसरं, करंगळी चौथी. आता वरून दुसरी तार. तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या या तिसऱ्या घरात, दुसरं बोट. हा सा. तिथेच पुढे करंगळी. हा रे. आता त्याखालची तार. पहिलं, दुसरं, करंगळी. ग, म, प. शेवटची तार. पहिलं, तिसरं, करंगळी. ध, नी, वरचा सा. म्हणा, दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार."

"दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार."

"हे स्केल. बोटांना पाठ झालं पाहिजे, डोक्याला नाही."

"एवढंच?"

"मी इतकी वर्षं एवढ्यावरच काढली."

"खोटं."

"थोडं खोटं," तो म्हणाला.

दुसऱ्या रविवारी मी मास्तरांना गाठलं. सणाला मी गिटार वाजवून दाखवली तर ती लिलावात काढायची नाही, एवढंच माझं मागणं होतं. मास्तरांनी चष्मा पुसला.

"तू वाजवणार? सुवार्ता, तुला ड्यूटी आहे, घर आहे."

"हो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर भोपळ्यांशेजारी मीच नेऊन ठेवीन."

"असं कर," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी अर्पणाच्या वेळेला मी तुझ्यापाशी येईन. ठेवण्यासारखी वाटली तर रिकाम्या हाताने जाईन. नाही तर लिलावाला घेऊन जाईन. मग रडायचं नाही."

गिटारचा स्पीकर देवळात राहायचा, गिटार मी घरी आणली. तारा नुसत्या छेडल्या तर डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. मी पलंगावर बसून सराव करत असताना एकदा गिटारचं टोक लाकडी कपाटाला लागलं आणि सगळं कपाट बोललं. आतल्या स्टीलच्या ताटल्यांसकट. त्या दिवसापासून मी कपाटाला टेकूनच बसायला लागले. दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार. मग उलटं, वरून खाली. गिटारच्या मानेवर तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटपाशी मी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून घेतली होती, म्हणजे बघितलं की जागा सापडायची.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. "शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे गिरणी टाकली का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, टाकली आहे. पीठ अजून पडत नाही."

पण त्याच बाईंनी एके दिवशी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "वरून दुसरा सूर चुकला तुझा." चुकलाच होता. तिसऱ्या बोटाऐवजी दुसरं पडलं होतं.

बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, मग तिथे घट्टे पडले. डाव्या हाताला पेशंटची नाडी लागेनाशी झाली, तेव्हा मी ती उजव्या हाताने बघायला लागले. इंजेक्शन देतानाही ओठ हलायचे. एकदा एक शेतकरी म्हणाला, "सिस्टर, काय मोजताय? मला भीती वाटतीय."

"तुमचं नाही मोजत. हात सैल सोडा."

मी त्या दिवसांत चालता चालता हसत असे, असं माझा नवरा अजून सांगतो. सुरुवातीला आठ सूर म्हणजे आठ वेगळ्या कसरती होत्या. मग एका सकाळी, मुलांचे डबे भरायच्या आधी, मी ते वाजवले आणि मध्ये कुठे सांधाच लागला नाही. हात खालून वर गेला आणि परत आला, जिना चढून उतरल्यासारखा. मी तो जिना पुन्हा चढले. त्या दिवशी मुलांना डब्यात बिस्किटं गेली.

सणाच्या आधी देवळात सराव झाला. किबोर्डवर शमुवेलदादा होते. त्यांचा सगळा जन्म पेटी वाजवण्यात गेलेला, किबोर्ड अलीकडचा. गीताची सुरुवात मार्थामावशी करायच्या, तोंडातल्या तोंडात पहिली ओळ म्हणून. मग दादा मला हाक मारून सूर सांगायचे.

"ताई, सी. पेटीत म्हणायचं तर पांढरी एक."

"नाथाने मला तोच सा दिलाय."

"मग झालं तर. मी सी म्हटलं की तुमचा सा. एफ म्हटलं की म. जी म्हटलं की प. आपल्या सगळ्या गीतांना हे तीन पुरतात."

पुरले. सा माझ्या दुसऱ्या बोटाखाली होता, म त्याच्याच खालच्या तारेवर, प करंगळीखाली. दादा आवाज द्यायचे, मी चिकटपट्टीकडे बघून बोट ठेवायचे, आणि मावशींचं गाणं माझ्या सुरावर येऊन उभं राहायचं. सराव संपल्यावर मी स्पीकरवर हात ठेवून पाहिला. तो गरम होता.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"काही नाही. ताप बघतेय."

सणाच्या सकाळी देऊळ सतरंजीच्या टोकापर्यंत भरलं होतं. वेदीपुढे बाजरीची कणसं बांधलेली, बाजूला भोपळ्यांची रास. एक कोंबडा प्रार्थनेत मध्येच ओरडायचा आणि पोरं हसायची. भालेराव मास्तर पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. मी गिटार गळ्यात घातली तेव्हा सतरंजीवरच्या बायकांत कुजबुज झाली. माझ्या सासूबाईंनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

तेवढ्यात दादा म्हणाले, "मार्थामावशीचा घसा बसलाय. सुनंदा म्हणणार आहे."

सुनंदा ही मावशींची भाची, कॉलेजातली, पातळ उंच आवाजाची. तिने हलकेच पहिली ओळ गुणगुणली. दादांनी किबोर्डवरचं एक बटण दोनदा दाबलं, पहिला सूर लावला आणि माझ्याकडे मान वळवली. "सी, ताई. नेहमीचंच."

मी पट्टीकडे बघून तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं आणि जोरात वाजवलं.

सगळं देऊळ गाऊ लागलं होतं आणि त्याच्या खाली माझा सूर होता, पण तो त्यांचा नव्हता. भिंत आणि छत दोन वेगळ्या घरांची असावीत तसं झालं. सुनंदाने दचकून मागे पाहिलं. मी पुन्हा पट्टी बघितली. बोट बरोबर जागी होतं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तसंच, आणखी मोठ्याने वाईट. "एफ," दादा म्हणाले. मी म वर गेले. तोही वाईट. पहिल्या रांगेत मास्तरांनी मान वर केली होती.

मी हात उचलला.

आमच्या देवळात गीत एकदा सुरू झालं की कुणासाठी थांबत नाही. ते चालू राहिलं. मी गिटारवर हात पालथा ठेवून उभी राहिले. तारा ढिल्या झाल्या असतील असं पहिल्यांदा वाटलं, पण सकाळीच मी त्या लावून घेतल्या होत्या. दादा चुकत होते म्हणावं तर त्यांचं आणि सुनंदाचं सुरेल जुळत होतं. मग चुकत होते ती मी, आणि माझं बोट तर बरोबर होतं. अर्पणाची वेळ झाली की मास्तर येणार, आणि मला स्वतःच्या हाताने गिटार भोपळ्यांशेजारी नेऊन ठेवायची होती. मीच बोलले होते.

दुसरं कडवं सुरू झालं. मी गिटारचा आवाज अगदी बारीक केला, एवढा की तो फक्त माझ्या पोटाला लागेल, आणि डोळे मिटले. पट्टी बघायची नाही, एवढंच तेव्हा सुचलं. तिसरा फ्रेट. पोटात थरथर, ओबडधोबड, दोन चाकं एकमेकांना घासल्यासारखी. बोट एक फ्रेट पुढे सरकवलं. जास्तच घासलं. मागे यावंसं वाटलं, पण मी आणखी एक पुढे गेले.

थरथर बंद झाली. मला वाटलं तार मुकी झाली. मग कळलं की ती वाजतेय, पण गाण्यापासून वेगळी ऐकू येत नाहीय. पाण्यात पाणी ओतल्यासारखी ती आत गेली होती. पाचवा फ्रेट. सा तिथे होता.

आता दादा "एफ" म्हणणार होते आणि मला माहीत असलेला म मागे राहिला होता, जुन्या जागी, पट्टीपाशी. नव्या ठिकाणी तो कुठे असेल हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"एफ," दादा म्हणाले.

मी विचार केला असता तर चुकले असते. बोटाने विचार केला नाही. ते खालच्या तारेवर उतरलं, सरळ, जसं रोज उतरत होतं. म तिथे होता. "जी," आणि करंगळी पडली आणि प तिथे होता. सगळा जिनाच्या जिना माझ्याबरोबर दोन पायऱ्या पुढे आला होता, एकही पायरी न हरवता. दोन-चार, एक-दोन-चार, एक-तीन-चार. म्हणजे नाथाने मला एक स्केल दिलं नव्हतं. या मानेवर जेवढ्या जागा आहेत तेवढी स्केल त्याने मला त्या एका संध्याकाळी देऊन टाकली होती आणि तो बसमध्ये बसून निघून गेला होता.

मी आवाज पुन्हा मोठा केला. तिसरं कडवं मी डोळे मिटूनच वाजवलं. फरशी पायाखाली बोलत होती. सुनंदाचा आवाज मोकळा झाला, सतरंजीवरची माणसं नेहमीपेक्षा जोरात गायला लागली, कोंबडा ओरडला तोही सुरात वाटला. गीत संपलं तेव्हा मला ते पुन्हा पहिल्यापासून हवं होतं.

पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले. शमुवेलदादा माझ्याकडे वाकले.

"पहिल्या कडव्यात काय केलंत? मी सी म्हटलं होतं."

"मी सीच वाजवत होते."

"छे. कानाला कळत होतं."

"दादा, तुमच्या किबोर्डवर ते बटण कसलं आहे? दोनदा दाबलंत ते."

"ते होय? ते आवाज वर घ्यायचं. सुनंदाला वरचा लागतो ना. माझी बोटं पांढरी एकवरच चालतात, बटण दाबलं की किबोर्ड आपोआप वर घेतो."

"म्हणजे बोटं सीवर, आणि आवाज?"

दादांनी किबोर्डकडे पाहिलं. मग ओठ हलवून हिशेब केला, एक वर, दोन वर. "डी," ते म्हणाले. "पांढरी दोन." थोड्या वेळाने पुन्हा कुजबुजले, "मी नाथाला इतकी वर्षं सीच सांगत आलो. तो कधी काही बोलला नाही."

"आणि वाजवायचा?"

"बरोबर वाजवायचा."

पाळकसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही गप्प बसलो. मला आतून हसू फुटत होतं. थोडं खोटं, तो म्हणाला होता.

अर्पणाची वेळ झाली. माणसं रांगेने पुढे येऊन आपापलं ठेवू लागली. मास्तर उठले, रांगेतून न जाता कडेने आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. मी पट्टा खांद्यावरून उतरवला. पहिलं कडवं सगळ्या देवळाने ऐकलं होतं. दादा घाईने म्हणाले, "मास्तर, ती चूक माझी होती. माझ्या बटणाची."

"मी चुकीबद्दल विचारत नाहीय," मास्तर म्हणाले. मग मला, "मधे तू वाजवायची थांबलीस. किती वेळ?"

"कडवंभर असेल."

"तेवढा वेळ मला कसंतरी झालं. आधी वाटलं, पंखा बंद पडला. पण पंखा चालू होता. मग वाटलं, सतरंजी खालून कुणीतरी ओढून नेली आणि आम्ही सगळे नुसत्या फरशीवर बसून गातोय. मान वर करून बघितलं तर तुझा हात तारांवर पालथा." ते गिटारकडे बघत होते, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसं. "हे सगळं ही करत होती?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो, मास्तर."

"मग नाथा सांगायचा नाही का?"

"तो कधी थांबलाच नाही," मी म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. रांगेतल्या एका बाईच्या हातून भोपळा निसटत होता, तो त्यांनी धरला, आणि तो दोन्ही हातांत घेऊन ते वेदीकडे गेले.

मी पट्टा परत खांद्यावर चढवला. शेवटचं गीत बाकी होतं. सुनंदा दादांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दादांनी माझ्याकडे पाहिलं. बोट बटणावर होतं.

"ही म्हणते आणखी जरा वर घेऊ या. मी दाबतोय, ताई. कुठे जाईल ते सांगू का? मोजावं लागेल."

"नका मोजू," मी म्हणाले. "तुम्ही सुरू करा. मी येते."